कोपरीच्या बर्फखोलीतला हायड्रोजन

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १ डिसेंबर १९९६

ती. स्व. पोपटदादांच्या चरणी गोपीनाथचा नमस्कार पोचावा.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची, वहिनींची आणि तुमच्या गुडघ्याची खुशाली कळवावी. (गुडघ्याची वेगळी विचारतो, कारण मागच्या पत्रात तुम्ही त्याच्यावर दोन पानं लिहिली होतीत आणि स्वतःबद्दल फक्त "मी बरा आहे" एवढंच.) भाऊबीजेला तुम्ही आलात आणि मी नेमका घरी नव्हतो, याचा राग तुम्ही धरला नसेल, पण शेवंतीने तो तुमच्या वतीने धरला आहे. माझा भाऊ मुरबाडहून दोन एसट्या बदलून येतो आणि हे कोपरीला त्या लाल नळकांड्यांपाशी बसतात, हे वाक्य मी त्या दिवसापासून रोज एकदा ऐकतो, बहुतेक आमटी वाढताना. तेव्हा मी कुठे होतो, काय करत होतो आणि ते का सोडून येता आलं नाही, हे एकदा सविस्तर कळवावं म्हणून बसलो आहे. चहा सांगा आणि मगच वाचा. पत्र लांबणार.

तुम्हाला माहीतच आहे, अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं काढून मी स्वेच्छेने निवृत्त झालो. (स्वेच्छा कंपनीची होती.) आधी फिटर, मग सेफ्टी विभागात. घरी बसलो तेव्हा पहिल्या महिन्यात मी आमच्या बिल्डिंगच्या पंपाला झाकण बसवलं, दुसऱ्या महिन्यात जिन्याला कठडा लावायला लावला आणि तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः खटपट करून मला नोकरी मिळवून दिली. मालक बाबुराव. डोंबिवली एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना आहे. आजवर ते बॅटरीचे चार्जर करायचे, आता त्यांनी फ्युएल सेल करायला घेतला आहे. माणूस मनाने चांगला, पण त्याला सगळं काल हवं असतं.

फ्युएल सेल म्हणजे काय, हे शेवंतीला मी असं सांगितलं. एका बाजूने हायड्रोजन आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये पातळ पट्ट्यांची चळत असते, आपल्याकडे मांडणीत ताटं उभी ठेवतात तशी. तिथे दोघांची गाठ पडते, तारेतून वीज बाहेर येते आणि खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडतं. धूर नाही, धडधड नाही. ती म्हणाली, म्हणजे न भांडता संसार. मी म्हटलं तसंच, फक्त यातल्या एकाला खोलीत सांडू द्यायचं नाही. हायड्रोजन सांडला आणि त्याला ठिणगी मिळाली की मग संसारही नाही आणि खोलीही नाही.

हे यंत्र ज्याने बनवलं तो आमचा डॉक्टर परशुराम. औषध देणारा नव्हे, पीएच.डी.वाला. वय बत्तीस, हुशार, आणि स्वतःच्या यंत्राबद्दल इतका हळवा की कुणी त्याच्यावर हात ठेवून उभं राहिलं तरी त्याचा चेहरा उतरतो. कारखान्यात यंत्र सहा महिने नीट चालल्यावर बाबुरावांनी ठरवलं की ते आता बाहेर, खऱ्या माणसांत नेऊन चालवून बघायचं. याला फील्ड टेस्ट म्हणतात. जागा मिळाली ठाण्यात, कोपरीला, खाडीच्या अंगाला. तिथे मासळी विकणाऱ्या कोळी बायकांची एक सोसायटी आहे आणि तिची एक बर्फखोली आहे. लाइट गेले की बर्फ विरघळतो आणि दुपारपर्यंत मासळीवर पाणी सोडावं लागतं. त्यांच्या मोठ्या फ्रीजरला आमच्या यंत्राने वीज पुरवायची, असा बेत. आणि यंत्र तिथे चालू करण्याआधी सगळी व्यवस्था सुरक्षित आहे, अशी तपासणी करून कागदावर सही करायची होती. ती सही माझी.

तपासणीची रीत अशी, की यंत्रातली एकेक नळी घ्यायची आणि तिला विचारायचं: तुझ्यातून काहीच गेलं नाही तर काय होईल? जास्त गेलं तर? कमी गेलं तर? उलट गेलं तर? आम्ही तिघं, म्हणजे बाबुराव, परशुराम आणि मी, ऑगस्टपासून दर मंगळवारी बसायचो. मी एकशे त्रेचाळीस प्रश्न काढले. पहिल्या मंगळवारी परशुराम हसत उत्तरं देत होता. चौथ्या मंगळवारी तो म्हणाला, "गोपीनाथराव, हायड्रोजन उलट का जाईल? त्याला काय विसरलेली छत्री घ्यायची आहे?" मी शांतपणे लिहून घेतलं: प्रश्न ५२, उत्तर मिळालेलं नाही. सहाव्या मंगळवारी तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि उत्तरं बाबुरावांना सांगू लागला, बाबुराव ती मला सांगत. टेबल तीन फुटांचं होतं. (मला सवय लागली ती लागलीच. एकदा स्वयंपाकघरात उभा राहून मी शेवंतीला विचारलं, भाताला पाणी कमी पडलं तर? म्हणाली, करपेल. जास्त झालं तर? गिचका होईल. उलट झालं तर? उलट झालं तर तुम्ही कराल आणि मी खाईन, म्हणाली. त्यानंतर मी स्वयंपाकघर तपासणीतून वगळलं.)

मग केरसुण्यांचं प्रकरण झालं. दादा, हायड्रोजनची ज्योत भर दिवसा दिसतच नाही. नळीतून जळता गॅस बाहेर येत असेल तर समोरून चालत जाणारा माणूस थेट त्यात शिरेल. म्हणून जुन्या लोकांची एक साधी युक्ती आहे: लांब दांड्याला केरसुणी बांधायची, ती पुढे धरून चालायचं, आणि केरसुणी पेटली की थांबायचं. मी मागणीपत्रात लिहिलं, "आगीचा शोध घेण्यासाठी केरसुणी, गवती, लांब दांड्याची, दोन नग." खरेदी विभागातून कागद परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं की सफाईसाठी आपल्याकडे बाई आहेत. मी पुन्हा पाठवला, तर या वेळी दोन प्लॅस्टिकचे झाडू आले. शेवटी मी स्वतः डोंबिवली स्टेशनाबाहेरून दोन केरसुण्या घेतल्या आणि खांद्यावर टाकून कारखान्यात गेलो. वॉचमनने मला मागच्या दाराने आत सोडलं. परशुरामने त्या पाहिल्या आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला: "एवढं शिकून मी हेच बघायला राहिलो होतो."

सप्टेंबरात मी कोपरीला जागा बघायला गेलो. सोसायटीच्या अध्यक्ष भागीरथीबाई. वय साठीच्या पुढे, अंगाने बारीक, आवाज खाडीच्या पलीकडे पोचणारा. सगळ्या जणी बर्फखोलीबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी समजावून सांगितलं की या गॅसला वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घालतात तसा इथे घालता येत नाही, कारण त्या वासाने यंत्र बिघडतं. आणि समजा वास घातला असता, तरी या खोलीत मासळीमुळे तो कुणाला कळला नसता. दादा, हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

भागीरथीबाई उठून उभ्या राहिल्या. "कनाला कलला नसता? आवो दादूस, डोले मिटून सांगीन, हा बोंबील सकालचा का कालचा. आमच्या नाकाला काय झालंय?"

मी माफी मागितली. ती मान्य झाली, पण अर्धी. बाकीची अर्धी त्यांनी मला पाच वेगवेगळ्या टोपल्यांचा वास घ्यायला लावून वसूल केली. मी पाचही चुकलो. त्या दिवसापासून मी त्यांच्यात "बिननाकाचा दादूस" झालो. पण एक गोष्ट चांगली झाली, त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. आपल्याला काय येत नाही ते तोंडावर कबूल करतो, असं त्यांना माझ्याबद्दल वाटलं. (ते पुढे खरं करून दाखवावं लागणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

आता मुख्य भाग. बाबुरावांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. पत्रिका छापल्या, पाहुणे बोलावले, एका वर्तमानपत्राचा माणूस येणार म्हणाला. आणि बर्फखोली पत्र्याची, काळवंडलेली, फोटोत बरी दिसणार नाही म्हणून त्यांनी यंत्राच्या भागात फॉल्स सीलिंग करून घेतलं. पांढरे चौकोन, मध्ये निळी नक्षी, नक्षीत दिवे. मी पाहिलं आणि मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू? आमच्या हॉलमध्ये असं करायला काय लागेल, असं मी त्या सुताराला विचारलंसुद्धा.

यादीत सत्त्याऐंशीवा प्रश्न होता: गॅस गळला तर कळणार कसं? उत्तर, भिंतीवर डिटेक्टर लावायचा. म्हणजे एक डबी, तिला गॅस लागला की ती भोंगा वाजवते. ती कुठे लावायची हे मी स्वतः ठरवलं. जमिनीपासून हातभर उंचीवर. मी स्वतः भिंतीवर पेन्सिलने खूण केली, स्वतः लेव्हल लावून बघितली आणि स्वतः सही केली. कारण अंबरनाथला सव्वीस वर्षं मी डिटेक्टर तिथेच लावत आलो. आमच्याकडे असायचा क्लोरीन, नाहीतर स्वयंपाकाचा गॅस, आणि हे दोन्ही हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरणारे. हात आपोआप तिकडे गेला. हायड्रोजन सगळ्यात हलका हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत फुग्याचं चित्र मीही काढलं आहे. पण डोक्यात असलेली गोष्ट हातापर्यंत पोचलीच नाही. आणि गंमत अशी, की दुसऱ्यांना एकशे त्रेचाळीस प्रश्न विचारताना माझ्या स्वतःच्या उत्तराला मी एकही विचारला नाही.

खंडेनवमीला यंत्राची पूजा ठरली. मी आधी जोरदार नाही म्हणालो. ज्या खोलीत काडी ओढायची नाही असे बोर्ड मी लावले, तिथे निरांजन, धूप आणि कापूर? बाबुराव म्हणाले, हत्यारांची पूजा केल्याशिवाय मी आजवर साधा पाना उचललेला नाही. शेवटी तोडगा निघाला: हायड्रोजनचे सिलिंडर दसऱ्याला सकाळी येणार, तर पूजा आदल्या दिवशी, खोलीत गॅसचा थेंब नसताना. मीच टेंभी नाक्यावरून झेंडू आणले. देवीच्या दर्शनाची रांग इतकी लांब होती की फुलवाल्यापर्यंत पोचेपर्यंत मला देवीचं अर्धं दर्शन घडलं.

पूजा छान झाली. भागीरथीबाईंनी भरपूर धूप घातला, त्यांच्याकडे कमी घालायची पद्धत नाही. खोली धुराने भरली. मी दाराशी, हात जोडून, समाधानाने उभा होतो. आणि आरती संपल्यावर सगळे प्रसाद घेत असताना भागीरथीबाई वर बघत राहिल्या.

"दादूस, धूर वरच बसलाय."

मी वर पाहिलं. खालची हवा स्वच्छ झाली होती. पण त्या पांढऱ्या चौकोनांखाली धुराचा जाड थर लटकत होता, आणि दोन चौकोनांमधल्या फटीतून तो हळूहळू वर, सीलिंगच्या आतल्या पोकळीत शिरत होता.

"तुमची ती गॅस काय धुरापरीस जड हाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पुष्कळ हलका."

"मंग तो डबा तितं खाली कनाला शोधतंय?"

हातातला पेढा तसाच राहिला. गॅस गळला असता तर तो सरळ वर जाऊन त्या बंद पोकळीत साठला असता, जिथे त्या निळ्या नक्षीच्या दिव्यांच्या तारा होत्या. आणि माझा डिटेक्टर खाली, हातभर उंचीवर, शांत झोपला असता. उद्या या खोलीत पन्नास माणसं उभी राहणार होती. ती ओट्यावरची सगळी बायामाणसं. आणि खाली सही कुणाची, तर माझी.

मी बाहेर गेलो आणि खाडीच्या कडेला एका पालथ्या होडीवर बसलो. खरं ते लिहितो: दहा मिनिटं मी गप्प बसण्याचाही विचार केला. डिटेक्टर गुपचूप वर सरकवला असता तर कुणाला कळलं नसतं. बाई विसरल्या असत्या. एकशे त्रेचाळीस प्रश्नांचा तपासनीस, ज्याने परशुरामला तीन महिने रडवलं, त्याने शाळकरी पोराची चूक केली, हे कुणाला सांगायचं? त्यातून परशुरामसमोर? पण डिटेक्टर सरकवून ती पोकळी जात नव्हती. मी उठलो आणि आत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली आहे, मी माझी सही मागे घेतो आणि उद्या यंत्र चालू होणार नाही.

बाबुराव पांढरे पडले, मग लाल. "गोपीनाथराव, यादी तुमची, खूण तुमची, सही तुमची. आणि आज खंडेनवमीला सांगताय?"

"आजच कळलं."

"डबा वर लावा आणि विषय संपवा."

"सीलिंग काढावं लागेल. छपराच्या शेंड्याला मोकळी फट ठेवावी लागेल, गॅस निघून जायला. आठ-दहा दिवस लागतील."

"पत्रिका वाटून झाल्या आहेत! सही मी करतो. कंपनी माझी आहे."

मी मनात म्हटलं, संपलं, पुन्हा घरी बसायचं, पंप आणि जिना. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून परशुराम बोलला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, तो आपल्या यंत्राकडे बघत होता.

"बाबुराव, तुम्ही सही करा. पण व्हॉल्व्ह मला उघडायचा आहे. गोपीनाथरावांची सही असल्याशिवाय मी तो उघडणार नाही." आणि जरा रागानेच: "मलाही दिसायला हवं होतं. मी पीएच.डी. केली आहे याच गॅसवर."

बाबुरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. वादाचा निकाल मात्र त्यांनी लावला नाही, भागीरथीबाईंनी लावला. त्यांनी बाहेर जाऊन हाक मारली, चार जणी वल्ही घेऊन आत आल्या आणि खालून ढोसून ते सीलिंग पाडायला लागल्या. "आमची खोली हाय," एवढंच त्या म्हणाल्या. पाऊण तासात सगळे चौकोन, निळ्या नक्षीसकट, खाली. (सुतार प्रसादाला थांबला होता. त्याने दुसरा पेढा घेतला नाही.)

दसऱ्याला पाहुणे आलेच. त्यांना परत कसं पाठवणार? कोळीवाड्यात आलो म्हणजे पापलेट मिळणार अशी त्यांची समजूत होती, पण सणाचा दिवस, सगळ्यांना श्रीखंड-पुरी. आणि बाबुरावांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सकाळपर्यंत ते पूर्ण सावरले होते. त्यांनी फीत कापायला लावली ती यंत्राची नव्हे, छपराला रातोरात पाडलेल्या भोकाची. आणि भाषण केलं की आमच्या कंपनीत सुरक्षितता ही छपरापासून सुरू होते. टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, फोटो भोकाचा. मला आपट्याचं पान देताना ते कानात म्हणाले, "पुढच्या वेळी जरा आधी चुका." मी हो म्हटलं.

दिवाळीपर्यंत काम पुरं झालं. शेंड्याला लांब फट, तिच्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी, डिटेक्टर अगदी वर, दिवे खोलीच्या बाहेरून. मी पुन्हा सगळे प्रश्न विचारले आणि या वेळी उत्तरं परशुरामने मला थेट दिली. मी सही केली, त्याने व्हॉल्व्ह उघडला. तो भाऊबीजेचा आदला दिवस. पहिले काही दिवस कुणीतरी सतत यंत्रापाशी हवं, आणि चुकलेला माणूस मी होतो, म्हणून मी बसलो. तुम्ही घरी आलात तेव्हा मी तिथे होतो, तो या कारणाने.

आणि त्याच भाऊबीजेच्या दुपारी भोंगा वाजला.

दादा, मी सव्वीस वर्षं भोंगे ऐकले, पण हा माझा स्वतःचा होता. बाहेर ओट्यावर बायका मासळी साफ करत होत्या, त्यांना मी दूर जायला सांगितलं. परशुराम आत धावत होता, त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मग मी केरसुणी उचलली, पुढे धरली आणि पावलापावलाने सिलिंडरकडे गेलो. केरसुणी वर, खाली, नळ्यांच्या कडेने फिरवली. ती पेटली नाही. म्हणजे आग नव्हती, नुसती गळती होती. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि रेग्युलेटर जोडणारा नट आवळला. (या नटाचे आटे उलटे असतात. घाईत माणूस नेमका चुकीकडे फिरवतो. मी चुकलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.) रेग्युलेटरपाशी साबणाचं पाणी लावलं, बारीक बुडबुडे आले. एक वॉशर दबला होता, एवढंच. डिटेक्टरचा काटा खाली यायला चार मिनिटं लागली. गॅस त्या फटीतून वर निघून गेला, कुणाचंही काही न बिघडवता.

मागे वळलो तर परशुराम दारात उभा होता, दुसरी केरसुणी हातात घेऊन. ती त्याने झेंड्यासारखी धरली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून एकदम हसायला लागलो, इतके की भागीरथीबाई दुरून ओरडल्या, "काय झालं काय? मेलाव का जगलाव?" मी ओरडून सांगितलं, जगलो. "मंग च्या घ्या," म्हणाल्या आणि कोळंबी सोलायला बसल्या.

आज अठरा दिवस झाले, यंत्र चालू आहे. या अठरा दिवसांत लाइट नऊ वेळा गेले आणि फ्रीजरला ते कळलंही नाही. नळीतून पडणारं पाणी बायकांनी एका बादलीत धरलं आहे. इतकं स्वच्छ पाणी खाडीकाठी कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ते तुळशीला घालतात. परशुराम आता दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवताना स्वतःच्या यंत्राविरुद्ध नवे प्रश्न काढतो. यादी दोनशे सहावर गेली आहे. मी खूश आहे, दादा. या वयात माणसाला आपली चूक वेळेवर कळली आणि ती सांगितल्यावर कुणी आपल्याला हाकललं नाही, याच्यापेक्षा जास्त मला काही हवंय असं वाटत नाही. तुम्ही या. मी घरी असेन असं वचन देत नाही, पण कोपरीला नक्की सापडेन. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

आपला,
गोपीनाथ

ता. क. तुमच्या अंडी उबवायच्या खोलीला वर माळा आहे का? असल्यास कशाचा? सहज विचारतो आहे.

दुसरा ता. क. आणि त्या खोलीच्या छपराला, समजा कुणी शेंड्याला लांबच लांब भोक पाडलं, तर तुमची काही हरकत असेल का? हेही सहजच.

तिसरा ता. क. आता लिहूनच टाकतो. आम्ही दुसरं यंत्र तयार केलं आहे आणि त्याच्यासाठी अशी जागा हवी आहे जिथे लाइट वारंवार जातात आणि गेल्यावर नुकसान होतं. तुमच्याकडे एकवीस दिवस उबेत ठेवलेली अंडी एका दुपारच्या अंधारात वाया जातात, हे शेवंतीकडून कळलं. यंत्राने वीज मिळेलच, शिवाय त्याची ऊबही वापरता येईल. वरचं सगळं मी एवढं सविस्तर यासाठी लिहिलं की तुम्ही घाबरू नये. परत वाचून पाहिलं तर उलटाच परिणाम होईल असं वाटतं, पण आता पुन्हा लिहायचं बळ नाही. विचार करून कळवा. घाई नाही.

दादा, खालचं शेवंती लिहिते आहे. पाकीट डकवायला डिंक हवा म्हणून हे बाहेर गेले आहेत. घाई आहे. भाऊबीजेला तू यंत्र ठेवायला हो म्हणालास, ते मी त्याच संध्याकाळी बाबुरावांना फोन करून कळवलं आहे, यंत्र पुढच्या मंगळवारी टेम्पोने निघतं. यांना मी सांगितलं नाही, तू विचार करून हो म्हणालास असंच त्यांना वाटू दे, चार दिवस खपून पत्र लिहिलंय. यंत्राबरोबर हे येतील आणि तपासणी होईपर्यंत तुझ्याकडेच राहतील. जेवणात काही नखरे नाहीत. प्रश्न दोनशे सहा आहेत, रोज पाच विचारायची यांची चाल आहे. तू दोनच्या वर उत्तरं देऊ नकोस. मला घराला रंग लावून घ्यायचा आहे, आणि यांच्यासमोर रंगाऱ्याला शिडीवर चढता येणार नाही.